पेला काही जाईना

त्या साली भिलाईत जो तो काहीतरी उभारत होता. सरकार भट्टी उभारत होतं, रशियन साहेब मशिनी उभारत होते, ठेकेदार भिंती उभारत होते आणि सेक्टर दोनच्या एका क्वार्टरात स्टोअर-क्लार्क केवलराम आपल्या मायसाठी तखत उभारत होता. यांतली पहिली तिन्ही कामं फारशी रखडली नाहीत.

तखताचं, म्हणजे त्या फळ्यांच्या पलंगाचं, मूळ दिवाळीत होतं. दिवाळीला केवलराम तिरोड्याकडच्या आपल्या गावी गेला आणि भरल्या अंगणात, भावकीसमक्ष म्हणाला, "या खेपेले मायले भिलाईले घेऊन जातो."

थोरला भाऊ देवाजी सुपारी कातरत होता. तो कातरतच राहिला. "नेजो ना. पण माय निजंन कुठं? फरसीवर? तिचे गुडघे पाह्यले का तू? इथं तिची बाज हाये, अंगण हाये. तुह्या कोठीत काय हाये?"

यावर "बाज घेऊन देतो" म्हटलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि केवलरामचे हातही काळे झाले नसते. पण पोलादाच्या कारखान्यातला माणूस भावकीसमोर बाजेची भाषा कशी बोलेल? केवलराम म्हणाला, "तखत करतो मायसाठी. शिसमावानी पॉलिश असंन, तोंड दिसंन त्यात!"

"माह्यं तोंड पाहून काय करू?" माय गयाबाई म्हणाली. "पण टेकाले जागा असंन त राहीन, बापा. आधी पाहीन, मंग सांगीन."

"मी स्वता आणून सोडीन," देवाजी म्हणाला. "अन् नाई जमलं तिले, त स्वता परत घेऊन येईन."

वरवर पाहता हा भावाभावांचा साधा करार होता. पण केवलरामच्या जिवाला तो वेगळाच लागला होता. नोकरीला लागल्यापासून माय त्याच्या घरी एकदाही राहिली नव्हती. शेजारी विचारायचे, "तुमची माय कुठं असते?" "दादाकडे," असं सांगताना प्रत्येक वेळी त्याला आपण अर्धाच मुलगा आहोत असं वाटायचं. बाकीचा अर्धा आता त्या तखतावर अवलंबून होता.

लाकडाची चिंता नव्हती. रशियातून मशिनी येत त्या मोठमोठ्या खोक्यांतून, आणि त्या खोक्यांचं पांढरं, डिंकाचा वास येणारं चिडाचं लाकूड स्टोअरच्या मागं ढिगानं पडलेलं असे. अर्ध्या भिलाईच्या खुर्च्या आणि मोऱ्यांची दारं त्यातूनच निघाली होती. ते लाकूड बाहेर न्यायला गेटपास लागे आणि तो पास लिहिण्याचं काम केवलरामचं. पण स्वतःचा पास स्वतः लिहिता येत नाही, म्हणून तो शेजारच्या टेबलावरच्या क्लार्काकडे गेला. या क्लार्काला सगळे नियम केवलरामनंच शिकवले होते, आणि दुर्दैवानं नीट शिकवले होते.

"केवलरामजी, खोका लिखूं तो वापस जमा करना पड़ेगा. तख्ता लिखूं तो नीलाम में जाएगा. स्टाफ को खाली जलाऊ लकड़ी मिलती है."

"त मग जलाऊ लिख."

असा तो पास निघाला: जळाऊ लाकूड, एक गाडा. तेव्हा सरकारदरबारी हे तखत शेवटपर्यंत सरपणच होतं हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

गेटवरच्या शिपायाला मात्र शंका आली. फळ्या सरळ, रुंद आणि एका मापाच्या. "जलाऊ है तो फाड़ी क्यों नहीं?"

"घर जाके फाड़ूंगा."

"यहीं फाड़ो. कुल्हाड़ी मैं देता हूं."

शिपाई खरोखरच कुऱ्हाड घेऊन आला. एवढ्यात केवलरामचा शेजारी शालिकराम ड्यूटी संपवून सायकलवर आला. शालिकराम क्रेन चालवायचा. दिवसभर उंचावर बसून खालच्या माणसांना हातवारे करायची सवय लागल्यामुळे जमिनीवर आल्यावरही तो सगळ्यांना मार्गदर्शनच करत असे. पायडलवरून न उतरताच तो म्हणाला, "सिपाहीजी, जाने दो बेचारे को. बूढ़ी मां के लिए लकड़ी ले जा रहा है."

शिपायानं कुऱ्हाड खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली. "पहले बोलना था ना, भाई," तो हळू आवाजात म्हणाला. "कब हुआ?"

केवलरामनं एकदा फळ्यांकडे, एकदा कुऱ्हाडीकडे पाहिलं. मायचा जीव मोठा की फळ्या मोठ्या, असा प्रश्न क्षणभर पडला खरा, पण माय तर गावी धडधाकट बसली होती. त्यानं मान खाली घातली. शिपायानं स्वतः गाड्याला हात लावून फळ्या गेटबाहेर काढून दिल्या, वर म्हणाला, "हिम्मत रखना."

हे घरी कळलं तेव्हा त्याची बायको कौशल्या दारातच अडवून उभी राहिली. "सासूबाईच्या नावानं असं लाकूड घरात आणता? अवो, काही समजते का तुमाले!" तिनं फळ्यांवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, चुलीत टाकल्या, आणि मगच त्या आत येऊ दिल्या.

सुपेल्याच्या धोंडबा सुतारानं तखत झटपट करून दिलं. पाय घट्ट बसवले, वरच्या फळ्यांत फट ठेवली नाही. उशाकडे टेकायला एक उभी फळी बसवली, सगळ्यांत रुंद, सगळ्यांत सरळ. आणि त्या फळीच्या बरोब्बर मधोमध खोक्यावरचा एक छाप होता. काळ्या रंगाचा, ठसठशीत, वीतभर उंच पेला. खाली गोल बूड, मध्ये बारीक दांडी, वर वाटी.

"हे काय केलंत, धोंडबा?"

"डिझाइन होय ना साहेब. बाकी फळ्यायवर नुसती अक्षरं होती, ते रंध्यानं काढली. हे चांगलं दिसलं मनून मुद्दाम मधात घेतलं."

त्या छापाचा अर्थ 'आत नाजूक माल आहे, सांभाळून उचला' एवढाच होता, हे स्टोअरमध्ये काम करणाऱ्या केवलरामला ठाऊक होतं. पण तो पेला कशाचा, हेही त्याला ठाऊक होतं. रशियन साहेबांच्या मेजवानीला टेबलं मोजायला गेला असताना त्यानं असले पेले डोळ्यांनी पाहिले होते, भरलेलेही. आणि त्याची माय? गयाबाई म्हणजे गावातल्या बायकांना गोळा करून मोहाच्या भट्टीवर चालून गेलेली, मडकी फोडलेली बाई. भट्टीवाला अजून तिला पाहिलं की रस्ता बदलायचा. तिच्या उशाला हा पेला!

"उलटी करा ती फळी."

"उलट्या बाजूनं डांबर हाये, साहेब."

"मग दुसरी लावा."

"सरस वाळला. आता काढीन त फळी फुटंन." धोंडबानं अवजारं गोळा केली. "घासा ना तुमी. पॉलिश करतानी जाते सगळं. मी आता धान कापाले चाललो गावाले."

अशा तऱ्हेनं पॉलिश केवलरामच्या अंगावर पडलं. गावाहून निरोप आला होता की संक्रांतीच्या आत देवाजी मायला घेऊन येतो.

पहिल्या रविवारी केवलराम रेगमालाचे, घासायचे खरखरीत कागद घेऊन बसला. शालिकराम अर्थातच आला. एक पाय पायरीवर ठेवून त्यानं काम तपासलं.

"हे असं लाडानं काय घासून राहिले जी? आडवं घासा, आडवं! आमच्याकडे प्लेटा आडव्याच घासतेत. दम लावा."

केवलरामनं आडवं घासलं. जिथं पेला होता तिथं तर जीव तोडून घासलं. संध्याकाळपर्यंत फळी हाताला लोण्यासारखी लागू लागली, आणि पेला जरा फिकट झाल्यासारखा वाटला. अर्थात तोवर अंधारही पडला होता.

पुढच्या रविवारी रंग. त्यासाठी दुर्गहून कौशल्याचे मामा गुलाबराव आले. गुलाबराव रेल्वेत गार्ड. जगातली प्रत्येक गोष्ट रेल्वेनं आधीच करून ठेवली आहे यावर त्यांची ठाम श्रद्धा होती. हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ते घरात पोळीसुद्धा वाढू देत नसावेत असं केवलरामला नेहमी वाटे.

"फर्स्ट क्लासच्या डब्याचा रंग पाह्यला का कधी?" त्यांनी विचारलं. "तो कायचा असते? काताचा. पानाचा कात उकळाचा, चिमूटभर खायाचा चुना टाकाचा. असा लाल येते का बस! चिडाचं लाकूड हाये हे सांगूनबी कोणाले पटनार नाई."

पॉवर हाउस चौकातल्या पानवाल्याकडून कात आला. तो किती हे पाहून पानवाल्यानं विचारलं, "शादी है क्या घर में?" कौशल्यानं तो जुन्या पातेल्यात उकळला. "आमच्या घरी माणसाले पान भेटत नाई," ती म्हणाली, "तखताले चारून राहिले."

फडक्यानं पहिला हात फिरवला आणि तिघंही वाकून बघू लागले.

लाकडाचा एक स्वभाव असा की कोरडं असेपर्यंत ते आपले दोष कुणाला दाखवत नाही. रंग पाजला की भडाभडा बोलायला लागतं. आडव्या घासण्याचा एकेक ओरखडा लाल होऊन उठला. कुणीतरी मांजरांची लढाई तखतावर लावून दिली होती जणू. मऊ जागी रंग पिऊन काळपट ठिगळं पडली, कडक जागी तो बसलाच नाही. एकंदर रूप कचेरीच्या जिन्याच्या कोपऱ्यासारखं, जिथं येणारे-जाणारे वर्षानुवर्षं पानाची पिंक टाकतात.

आणि पेला? पेल्याच्या पोटातच केवलरामनं सगळ्यांत जास्त घासलं होतं, म्हणून तिथंच लाकूड सगळ्यांत जास्त प्यालं. आजवर पेला रिकामा होता. आता तो काठोकाठ भरला.

"बापा!" कौशल्या म्हणाली.

"कोणं आडवं घासाले सांगतलं होतं?" गुलाबरावांनी विचारलं.

"मी त उभंच सांगतलं होतं," शालिकराम कुंपणापलीकडून म्हणाला. खाली उभ्या माणसाला तो आडवा हात वाटला असेल, क्रेनवरून तो उभाच असतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

मग गुलाबरावांनी खरी रीत सांगितली. ती आधी का सांगितली नाही हे विचारायची सोय नव्हती, कारण ते बायकोचे मामा होते. आधी लाकूड ओल्या फडक्यानं पुसायचं. त्याचे रोम उभे राहतात. वाळू द्यायचं. मग रेषेरेषेनं, लाकूड ज्या अंगानं वाढलं त्या अंगानं, हलक्या हातानं घासायचं. पुन्हा ओलं, पुन्हा घासणं. केवलराम ड्यूटीवरून आला की हेच करू लागला. कौशल्या आणि तो मिळून रोज तखत सकाळी उन्हात काढत आणि संध्याकाळी आत घेत, कारण बाहेर ठेवलं तर कारखान्याकडून येणारी लाल धूळ त्यावर बसे. शेवटी कात गेला, ओरखडे गेले, फळी खरंच चांगली झाली. पेला तेवढा होता तिथं होता. छापाचं तेल लाकडाच्या हाडापर्यंत मुरलं होतं.

"गडद करा," सगळ्यांचं एकमत झालं. असं एकमत त्या घराच्या इतिहासात पहिलंच. हिरमिजीची तांबडी माती आणली, त्यात चुलीवरच्या तव्याची काजळी घातली, आणि पातळ करून रेषेरेषेनं पाजली. रंग असा बसला की केवलराम दोन पावलं मागं सरून नुसता बघत राहिला. हुबेहूब शिसम! आणि काळ्यात काळा मिसळून पेला दिसेनासा झाला. त्या दुपारी केवलराम दोनदा जेवला.

आता उरलं पॉलिश. चपडा, म्हणजे पत्रीची लाख, दुर्गच्या बाजारात हवी तेवढी होती, आसपासच्या जंगलातलीच. पण ती विरघळवायला स्पिरिट लागतं, आणि स्पिरिटसाठी परवानगी. केवलराम दुर्गला एका कचेरीत गेला.

"पीने के लिए कि लगाने के लिए?" बाबूनं मान वर न करता विचारलं.

"लगाने के लिए! तखत को."

"सब यही बोलते हैं. किसी अफसर से लिखवा के लाओ कि आदमी पीता नहीं."

केवलरामला हे फार लागलं. गयाबाईच्या मुलाला हे लिहून आणावं लागावं! तरी तो आपल्या साहेबांपुढे उभा राहिला. साहेब बंगाली आणि दयाळू. त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि सुंदर अक्षरात लिहून दिलं की मी यांना ओळखतो, हे आता मद्य घेत नाहीत.

"साहेब, 'आता' नको. कभी नहीं पिया."

"अरे, लज्जा का क्या बात है," साहेब म्हणाले. "छोड़ना बहुत कठिन होता है."

कागद टाइप झाला, शिक्का बसला, आणि टाइप करणाऱ्यापासून शिक्का मारणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचला. चार वाजता ड्यूटी सुटली तोवर बातमी केवलरामच्या आधी सेक्टर दोनमध्ये पोचली होती. समोरच्या सिंधुताई कौशल्याचा हात हातात घेऊन सांगत होत्या, "सुटले बाई एकदाचे! आमाले त माहीतबी नव्हतं का पीत होते मनून. सोसलं तू सगळं, पन तोंडातून शब्द नाई काहाडला."

"अवो ताई, ते पीतच नव्हते!"

"हो ना. अशीच बायको पाहिजे," सिंधुताई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

ज्यानं घेतली नाही त्याला सोडल्याचं श्रेय मिळावं, असा हा उलटा व्यवहार. केवलराम ज्याला-त्याला समजावत सुटला, आणि जितकं समजावलं तितकी लोकांची खात्री पक्की होत गेली. शालिकराम तेवढा म्हणाला, "मले विश्वास हाये तुमच्यावर." मग थांबून, "पन उरलं त टाकू नका, सांगा."

पॉलिशचं काम मात्र केवलरामला मनापासून आवडलं. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचा, चपड्यात बुडवायचा, आणि हात न थांबवता गोल फिरवत जायचं. थांबलं की डाग. एक हात, वाळणं, बारीक घासणं, पुन्हा हात. प्रत्येक हातासरशी लाकूड खोल होत गेलं. घरभर स्पिरिटचा वास कोंदला. भाजीला, अंथरुणाला, देव्हाऱ्यातल्या फुलांना, सगळ्याला तोच वास.

तिसऱ्या-चौथ्या हाताला तखतात खिडकी दिसू लागली. पुढच्या हाताला खिडकीचे गज. आणि मग, त्या चकचकीत शिसमाच्या मधोमध, काळ्यातून अधिक काळा, जणू आतून कुणी दिवा धरलाय असा पेला वर आला. पॉलिशचं कामच ते. लाकडात जे आहे ते दाखवायचं, मग ते काहीही असो.

केवलराम बोळा हातात धरून बसून राहिला. त्याच दुपारी निरोप आला, देवाजी आणि माय उद्याच्या पॅसेंजरनं येताहेत.

उशाच्या फळीवर कौशल्यानं आपली चांगली गोधडी टाकली. ती घसरू नये म्हणून वर दोन उशा टेकवल्या. एवढ्या बंदोबस्तानं केवलराम दुर्ग स्टेशनवर गेला.

गयाबाई उतरली. वाटेत कारखान्याच्या चिमण्या बघून, "एवढ्या मोठ्या चुली अन् सयपाक कोणाचा रे?" असं विचारलं. पण क्वार्टरच्या दारात पाऊल ठेवताच ती थांबली. नाक वर केलं. देवाजीनंही केलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं.

"केवल, कायचा वास येऊन राहिला?"

"पॉलिशचा, दादा. तखताच्या पॉलिशचा."

"असं का," देवाजी म्हणाला. "आमच्या गावच्या भट्टीतबी पॉलिशच होत होतं मंग."

पाठोपाठ सिंधुताई आल्या, गयाबाईच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमचा पोरगा हिऱ्यासारखा हाये. सोडनं काय सोपं असते? साहेबानं लिहून देल्लं, आता पीत नाई मनून!"

गयाबाईनं केवलरामकडे पाहिलं. कारखान्याचा भोंगा वाजला तो सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"माय, मी कधी पेलोच नाई," केवलराम म्हणाला. "देवाच्यान. ते तखतासाठी कागद—"

"पाहू दे तखत," गयाबाई म्हणाली.

ती आत आली. आधी तळहात फिरवला, फळीच्या रेषेरेषेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "गुळगुळीत केलं रे," ती म्हणाली. हळूच बसली. गुडघे लांब केले. मग टेकायला मागं सरली, आणि उशा, गोधडी सगळं एकदमच मागच्या बाजूला पडलं.

केवलरामनं डोळे मिटून घेतले. आता माय उठेल. देवाजी पिशवी उचलेल. परतीची गाडी किती वाजता आहे हे त्याला पाठ होतं.

गयाबाई वळून त्या पेल्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले.

"धुपाटनं काढलं का रे उशाले? चांगलं केलं, बापा."

केवलरामनं एक डोळा उघडला. खरंच की. खाली बूड, मध्ये दांडी, वर वाटी. मायनं दारू पाहिली होती ती मडक्यात आणि पानाच्या द्रोणात. दांडीचा पेला तिच्या डोळ्यांनी जन्मात पाहिला नव्हता. देवापुढचं धुपाटणं मात्र रोज पाहिलं होतं. महिनाभर तो ज्याच्याशी झुंजला ते मायच्या लेखी नव्हतंच.

"हो माय," तो म्हणाला. "धुपाटनंच."

"धुपाटनं?" देवाजी पुढं आला. "माय, हात खाली घे. हा दारूचा पेला होय! विलायती दारूचा!"

"पेला असा असते का रे? खाली दांडी?"

"असाच असते! बूड टेकाले, अन् धराचं दांडीले. वाटीले हात नाई लावाचा, लावला त गरम होते, मजा जाते तिची—"

इथं देवाजी थांबला. पण जरा उशिरा थांबला.

"तुले कसं मालूम?" गयाबाईनं विचारलं.

"ते... तुमसरले. मॅंगनीजचे ठेकेदार हायेत ना. त्यायच्या घरी. पाह्यला होता. दुरून."

"दुरून पाह्यल्यावर गरम झाली का नाई ते समजते?"

देवाजीनं भिंतीकडे पाहिलं. भिंत सरकारी होती, तिनं काही मदत केली नाही. कौशल्या चहा टाकायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या रात्री गयाबाई तखतावर गोधडी अंथरून गाढ झोपली. सकाळी उठून तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

"माय, हे काय?" केवलराम म्हणाला. "जमलं नाई का तखत?"

"तखत बेस हाये. तुह्या बापाच्या राज्यात असं अंथरून नाई भेटलं मले."

"मंग राह्य ना."

"राह्य ना माय," देवाजी एकदम म्हणाला. रात्रभरात त्याला भिलाई फार आवडायला लागली होती. "पाह्य, नळाले पानी हाये. दवाखाना हाये. अन् तखत त असं का, आमच्या पाटलाकडे नाई. केवलनं जीव ओतला त्यात. राह्य तू. माह्यी काही चिंता नको करू."

"तुह्यीच चिंता हाये," गयाबाई म्हणाली. "यानं सोडली. साहेबानं लिहून देल्लं. तुह्यी सुरू हाये. मंग मी कुठं पाहिजे?"

"माय, मी सोडली नाई. मी घेतलीच नव्हती!" केवलराम कळवळून म्हणाला.

"बरं, बरं. लोकायले असंच सांगत जा," गयाबाई म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

दुर्ग स्टेशनवर गुलाबरावांनी स्वतः त्यांना डब्यात बसवून दिलं. देवाजी खिडकीशी बसला, कैद्यासारखा. गयाबाईनं खिडकीतून केवलरामला जवळ बोलावलं.

"याचं सुटलं का येतो मी. सुटंन, माह्या हातात हाये तो." मग आवाज खाली करून, "तखत रिकामं नको ठेवू. बायकोले निजू दे त्यावर. कमर धरून उठते ते सकाळी. तुले लाकडाची रेष दिसते, हे नाई दिसत."

गाडी हलली. केवलराम बसमधून परत आला तो वाटेत कुणाशी बोलला नाही. पॉवर हाउसला शालिकराम भेटला, त्यानं पुढच्या खेपेला काय करायला हवं ते सांगितलं, तेही त्याच्या कानांत शिरलं नाही. माय आली होती, एक रात्र राहिली होती, तखत तिला आवडलं होतं, आणि ती गेली होती. यात जिंकलं कोण आणि हरलं कोण, हे त्याला घरापर्यंत उमगलं नाही.

घरी कौशल्या ओसरी झाडत होती. वाकलेली. सरळ होताना तिचा हात आपोआप कमरेवर गेला. केवलरामनं तो पाहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचा हात तिथंच होता, त्याची नजर तिथं नव्हती.

"माय म्हणे, तखतावर तू निजत जा."

"मी?" ती हसली. "अवो, एवढं पॉलिश! ओरखडे पडतीन."

"निज ना."

ती झाडू ठेवून आत गेली. आधी नुसती कडेला बसली, परक्याच्या घरी बसावं तशी. मग पाय वर घेतले. मग हळूहळू पाठ टेकली आणि एक लांब श्वास सोडला. थंडीत शेवटचा हात धड वाळला नव्हता.

थोड्या वेळानं डोळे मिटूनच ती म्हणाली, "अवो, लुगडं चिकटून राहिलं. उठू का?"

आदल्या दिवशी केवलराम बोळा घेऊन धावला असता. आज तो तिच्या पायाशी खाली फरशीवर बसला.

"चिकटू दे," तो म्हणाला. "उठू नको."